श्वास पुरवणारी नळी : एका उपकरणाचा आणि त्याच्या तपासणीचा इतिहास

९ एप्रिल २०२४ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील वाकडी या गावी एक मांजर जुन्या विहिरीत पडले. विहिरीचा उपयोग पाण्यासाठी होत नव्हता. तिच्यात शेण आणि जनावरांचे मलमूत्र साठवले जात होते. म्हणजे ती बायोगॅसचा एक मोठा खड्डाच झाली होती. मांजराला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा, असे करत सहा जण आत गेले. त्यांपैकी पाच जण मरण पावले. सहावा कमरेला दोर बांधून उतरला होता. त्याला ओढून वर काढता आले आणि तो वाचला.

अशा बातम्या आपण वर्षातून अनेकदा वाचतो. कधी विहीर असते, कधी मैलाटाकी, कधी कारखान्यातील एखादी टाकी. ठिकाण बदलते, घटनेचा क्रम मात्र बदलत नाही. पहिला माणूस कामासाठी किंवा काही काढण्यासाठी उतरतो आणि बाकीचे त्याला वाचवण्यासाठी उतरतात. मरणाऱ्यांत मदतीला गेलेल्यांची संख्याच बहुधा जास्त असते.

विषारी किंवा ऑक्सिजन नसलेल्या जागेत शिरणाऱ्या माणसाला बाहेरची शुद्ध हवा पुरवणारी उपकरणे गेली दोनशे वर्षे तयार होत आली आहेत. या लेखात आपण त्यांचा इतिहास पाहणार आहोत. तो पाहताना एक गोष्ट लक्षात येते. उपकरणामागची मुख्य तत्त्वे शंभर वर्षांपूर्वीच शोधून झाली होती. पण हातातले उपकरण आज, या क्षणी चालेल की नाही हा प्रश्न मात्र प्रत्येक वापराच्या वेळी नव्याने विचारावा लागतो. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच तपासणी आणि निगा.

पेव आणि दिवा

नगर जिल्हा ज्वारीचा. लोखंडी कोठ्या येण्यापूर्वी दख्खनच्या अनेक गावांत धान्य पेवात साठवत. पेव म्हणजे जमिनीत खोदलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद असा खड्डा. तोंड बंद केले की आतील धान्याचे, किड्यांचे आणि बुरशीचे श्वसन चालू राहते. त्यात ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. कीड मरते व धान्य टिकते. पेव उपयोगी पडते ते याच कारणामुळे, आणि ते घातक ठरते तेही याच कारणामुळे. म्हणून जाणती माणसे पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. तोंड काही वेळ उघडे ठेवत, दोरीने दिवा आत सोडून पाहत. दिवा विझला तर उतरायचे नाही.

ही चाचणी शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहू. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो १६-१७ टक्क्यांपर्यंत उतरला की मेणबत्तीची ज्योत विझते. या हवेत माणूस अजून शुद्धीवर असतो. म्हणजे दिवा माणसाच्या आधी हार मानतो आणि आपल्याला मागे फिरायला थोडी सवड देतो. पेवापुरती ही चाचणी चांगलीच म्हणायला हवी.

पण शेणाच्या खड्ड्यात हीच चाचणी दोन प्रकारे दगा देते. एक तर तिथे मिथेन असतो. मिथेन आणि हवा यांच्या मिश्रणात जळता दिवा सोडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. दुसरे, तिथे हायड्रोजन सल्फाइड असतो. हवेच्या दशलक्ष भागांत याचे हजार भाग, म्हणजे अवघा ०.१ टक्का असला, तरी माणूस काही श्वासांत कोसळतो. एवढ्याशा वायूने ज्योतीला काहीच फरक पडत नाही. दिवा शांतपणे जळत राहतो आणि उतरणारा मरतो.

युरोपातील खाणींतही आरंभी दिवाच होता. पुढे प्रवासी शास्त्रज्ञ म्हणून गाजलेला अलेक्झांडर फोन हुम्बोल्ट तरुणपणी जर्मनीत खाण अधिकारी होता. १७९० च्या दशकात त्याने दूषित हवेतही जळत राहील असा दिवा आणि खाणकामगारांसाठी श्वसनाचे एक साधन बनवण्याचे प्रयोग केले. शंभर वर्षांनी ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९६ च्या अहवालात दाखवून दिले, की खाणीतील स्फोटांनंतर पुष्कळ कामगार भाजून नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडने मरतात. हा वायू ओळखण्यासाठी उंदीर किंवा लहान पक्षी बरोबर न्यावा असे त्यांनी सुचवले. लहान प्राण्याचा श्वसनाचा वेग मोठा, म्हणून विषाचा परिणाम त्याच्यावर आधी दिसतो. ब्रिटिश खाणींतील कॅनरी पक्षी १९८६ पासून निवृत्त झाले आणि त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक वायुमापकांनी घेतली.

वासाची फसवणूक

कुणी म्हणेल, हायड्रोजन सल्फाइडला तर सडक्या अंड्यांसारखा उग्र वास असतो. मग तो कळत कसा नाही? अगदी थोड्या प्रमाणात तो नक्की कळतो. पण प्रमाण दशलक्ष भागांत शंभराच्या पुढे गेले, की थोड्याच वेळात नाकाची वास घेण्याची शक्ती बधिर होते. वास येईनासा झाला म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि धोका नेमका तेव्हाच वाढलेला असतो. शिवाय हा वायू हवेपेक्षा सुमारे १.२ पट जड आहे आणि कार्बन डायऑक्साइड दीडपट. दोन्ही खड्ड्याच्या तळाशी रेंगाळतात. काठावर उभ्या असलेल्या माणसाला हवा ठीक वाटते. ज्या शेणाच्या रबडीत हा वायू विरघळलेला असतो, ती पायाने ढवळली गेली की तो एकदम मोकळा होतो.

लंडनच्या पूर्वेला ईस्ट हॅम येथे सांडपाण्याच्या पंपिंग केंद्रात १ जुलै १८९५ रोजी नेमके हेच घडले. एक कामगार खाली कोसळला. त्याला वाचवायला एकामागून एक चार जण उतरले. पाचही जण मेले. हॉल्डेन यांनी या अपघाताची चौकशी केली आणि दोष हायड्रोजन सल्फाइडचा असल्याचे सांगितले. लंडनमधील पोस्टमन्स पार्क या बागेत दुसऱ्यांसाठी प्राण देणाऱ्या सामान्य माणसांचे एक स्मारक आहे. मदतीला गेलेल्या त्या चौघांची नावे तिथल्या एका फरशीवर वाचायला मिळतात. १८९५ चे ईस्ट हॅम आणि २०२४ ची वाकडी यांत १२९ वर्षांचे अंतर आहे. घटना मात्र एकाच साच्यातली आहे.

गाळणी आणि नळी

अशा जागी तोंडाला ओला रुमाल बांधून उतरावे, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती पूर्ण चुकीची आहे. रुमाल काय किंवा कोरोनाच्या काळात आपण वापरलेला मास्क काय, या गाळण्या आहेत. गाळणी हवेतील कण अडवते. विशिष्ट रसायने भरलेली डबी काही विषारी वायूही शोषून घेते. पण गाळणी ऑक्सिजन निर्माण करू शकत नाही. हवेत तो मुळातच नसेल तर उत्तम गाळणीतूनही निरुपयोगी हवाच आत येईल. म्हणून अशा जागेसाठी हवा बाहेरून आणावी लागते.

मग एक लांब नळी तोंडात धरून उतरले तर? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा, कारण त्याचे उत्तर साध्या गणिताने काढता येते. अडीच सेंटिमीटर आतील व्यासाची आणि दहा मीटर लांबीची नळी घेऊ. तिचे आकारमान सुमारे ४.९ लिटर भरते. आपला सहज श्वास सुमारे अर्ध्या लिटरचा. सोडलेला श्वास त्याच नळीत शिरतो आणि पुढच्या श्वासाला तोच परत आत येतो. बाहेरची ताजी हवा तोंडापर्यंत कधी पोहोचतच नाही. माणूस आपल्याच उच्छ्वासात गुदमरतो.

यावर उपाय दोन. पहिला म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा वेगळी करणे. त्यासाठी मुखवट्यात रबराच्या लहान पाकळ्या बसवतात. श्वास घेताना एक उघडते व दुसरी मिटते, सोडताना उलट. दुसरा उपाय म्हणजे हवा ओढण्याचे काम फुप्फुसांवर न टाकता बाहेरून ढकलणे. १८२३ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स डीन याने धुरात शिरणाऱ्या माणसासाठी तांब्याच्या शिरस्त्राणाचे पेटंट घेतले. शिरस्त्राणाला नळी जोडलेली आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला भाता. बाहेरचा माणूस भाता चालवी आणि आतल्याला हवा मिळे. हे शिरस्त्राण आगीपेक्षा पाण्यातच अधिक चालले. त्यातूनच पुढे ऑगस्टस सीबे याचा पाणबुड्याचा प्रसिद्ध पोशाख तयार झाला.

या रचनेत आपण एक गोष्ट टिपून ठेवू. आतल्या माणसाचे जीवन बाहेरच्या माणसाच्या हातात होते. तो भाता चालवी, नळी सैल-घट्ट करी, दोराच्या हिसक्यांतून आतल्याचे म्हणणे ओळखी. हवा पुरवणाऱ्या उपकरणाचा एक भाग सुरुवातीपासूनच माणूस होता.

पाठीवरची हवा

नळीची एक मोठी अडचण असते, ती अडकते. इंग्लंड आणि वेल्स यांच्यामध्ये सेव्हर्न नदीखालून रेल्वेचा बोगदा खोदताना १८७९ मध्ये त्यात पाणी भरले. आतील एक लोखंडी दार बंद केल्याशिवाय पाणी उपसता येईना. दार सुमारे तीनशे मीटर आत होते. नोव्हेंबर १८८० मध्ये अलेक्झांडर लॅम्बर्ट हा पाणबुड्या नळीचा पोशाख घालून गेला. पण पडलेल्या लाकडांत आणि ढिगाऱ्यात नळी अडकत राहिली आणि त्याला परतावे लागले. मग त्याने हेन्री फ्ल्यूस याने दोनच वर्षांपूर्वी बनवलेले नवे उपकरण घेतले. त्याला नळीच नव्हती. पाठीवरच्या बाटलीत ऑक्सिजन होता आणि सोडलेल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायला दाहक पोटॅश. तीच हवा पुन्हापुन्हा फिरत राही. लॅम्बर्ट अंधारात चालत गेला आणि दार बंद करून आला.

त्याआधी फ्रान्समध्ये बेन्वा रूकेरॉल या खाण अभियंत्याने १८६० साली आणखी एका कल्पनेचे पेटंट घेतले होते. दाबाखालची हवा सतत वाहू देण्याऐवजी माणूस श्वास घेईल तेव्हाच ती सोडायची. यासाठी रबराचा एक पातळ पडदा पुरतो. श्वास घेतला की आतील दाब कमी होतो, पडदा आत वाकतो आणि झडप उघडतो. श्वास सोडला की झडप मिटते. ऑगस्ट देनेरूझ या नौदल अधिकाऱ्याने १८६४ मध्ये हे तंत्र पाण्याखाली नेले. आज अग्निशमन दलाच्या जवानाच्या पाठीवर जो सिलिंडर दिसतो, त्याच्या मुखवट्याशी हाच पडदा काम करत असतो.

या उपकरणांची गरज जगाला पटली ती एका भीषण घटनेने. १० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधील कुरिए येथील कोळसा खाणींत स्फोट होऊन १,०९९ माणसे मेली. श्वसन-उपकरणे असलेली प्रशिक्षित पथके मदतीला आली ती जर्मनीहून. त्यानंतर अनेक देशांनी खाणींसाठी बचाव केंद्रे उभारली. ब्रिटनने १९१० आणि १९११ च्या कायद्यांनी बचाव उपकरणे व प्रशिक्षित माणसे ठेवणे खाणमालकांवर बंधनकारक केले.

आज दोन्ही प्रकार वापरात आहेत. टाकी साफ करणे, शॉट ब्लास्टिंग, बंदिस्त जागेत स्प्रे पेंटिंग अशा लांबलेल्या कामाला कॉम्प्रेसरवरून हवा देणारी एअरलाइन सोयीची. तिची हवा लवकर संपत नाही, पण नळीच्या पलीकडे जाता येत नाही. आग किंवा अचानक गळती अशा वेळी पाठीवरचा सिलिंडर, म्हणजे कामगारांच्या भाषेत ‘बीए सेट’. त्याला कुठेही नेता येते, पण हवा मोजकीच असते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०२४५ या मानकाचे निरनिराळे भाग या निरनिराळ्या प्रकारांसाठी आहेत.

उपकरणावर विश्वास कशाच्या आधारे?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. उपकरण घालून आत गेलेला माणूस ती जागा तपासत नाही. तो उपकरणावर विसंबून असतो. म्हणजे उपकरणात दोष असेल तर ते नसण्यापेक्षा अधिक धोक्याचे, कारण ते नसते तर तो कदाचित आत गेलाच नसता. तपासणीची प्रत्येक पायरी म्हणजे उपकरणाला विचारलेला एक प्रश्न आहे. हे प्रश्न आपण क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न : ही हवा श्वास घेण्याजोगी आहे का? कारखान्यात यंत्रे चालवण्यासाठी जी दाबाची हवा असते ती श्वसनासाठी नसते. तिच्यात तेलाचे तुषार आणि पाणी असू शकते. कॉम्प्रेसर अति तापला तर त्याचे वंगण अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. कॉम्प्रेसरचे हवा ओढणारे तोंड डिझेल इंजिनाच्या धुराड्याजवळ असेल, तर विष थेट मुखवट्यापर्यंत जाते. या वायूला रंग नाही, वास नाही. २०१४ च्या युरोपीय मानकात श्वसनाच्या हवेत कार्बन मोनॉक्साइड दशलक्ष भागांत ५, कार्बन डायऑक्साइड ५०० आणि तेल घनमीटरला अर्धा मिलिग्रॅम अशा कमाल मर्यादा घातल्या आहेत. ब्रिटिश मार्गदर्शनानुसार पुरवल्या जाणाऱ्या हवेची तपासणी निदान दर तीन महिन्यांनी करायची असते.

याच प्रश्नाचा दुसरा भाग : नळी योग्य ठिकाणी जोडली आहे का? अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने १९९२ ते २००२ या काळातील नायट्रोजनच्या ८५ अपघातांचा आढावा घेतला. त्यांत ८० माणसे दगावली होती. काही ठिकाणी श्वसनाची नळी हवेऐवजी नायट्रोजनच्या वाहिनीला जोडली गेली होती. नायट्रोजन विषारी नाही. आपल्या प्रत्येक श्वासात तो ७८ टक्के असतो. पण ऑक्सिजनशिवायचा नायट्रोजन काही सेकंदांत शुद्ध हरपवतो, आणि गुदमरल्याची जाणीवही होत नाही. कारण ती जाणीव मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते, आणि इथे तो तर बाहेर टाकला जातच असतो. म्हणूनच श्वसनाच्या हवेची जोडणी इतर कोणत्याही वायूच्या जोडणीत बसणार नाही अशी ठेवायची असते.

दुसरा प्रश्न : हवा पुरेशी आहे का? सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने हवा भरली, तर ती साधारण ६ × ३०० = १,८०० लिटर. (इतक्या दाबाला हवा आदर्श वायूच्या नियमापासून थोडी ढळते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून काहीशी कमी.) कष्टाचे काम करणारा माणूस मिनिटाला सुमारे ४० लिटर हवा वापरतो. म्हणजे ४५ मिनिटे. पण दाब सुमारे ५० बारवर आला की परत फिरण्याची शिट्टी वाजते. ती ३०० लिटर हवा राखीव. उरली १,५०० लिटर, म्हणजे साडेसदतीस मिनिटे, आणि त्यांतच जाणे, काम आणि परतणे बसवायचे. सिलिंडर २०० बारपर्यंतच भरलेला असेल तर? हे उत्तर विद्यार्थ्यांना काढू द्यावे.

एअरलाइनसाठी हिशेब वेगळा आहे. मिनिटाला सरासरी ४० लिटर लागत असले तरी ती हवा एकसारखी ओढली जात नाही. श्वास घेण्याच्या मधल्या क्षणी प्रवाह सरासरीच्या तिपटीपर्यंत चढतो. म्हणून अमेरिकी मानकात सतत प्रवाहाच्या घट्ट मुखवट्याला मिनिटाला निदान ११५ लिटर आणि सैल टोपाला १७० लिटर हवा लागते. नळी लांब झाली, जोड वाढले किंवा एकाच कॉम्प्रेसरवर चार माणसे आली, की शेवटच्या माणसाचा प्रवाह घटतो. तो कॉम्प्रेसरपाशी मोजून चालत नाही, मुखवट्यापाशी मोजावा लागतो.

तिसरा प्रश्न : कुठे गळते का? सिलिंडरची झडप उघडून नळ्यांत दाब येऊ द्यायचा, झडप बंद करायची आणि एक मिनिट गेजकडे पाहायचे. काटा ठरलेल्या मर्यादेपेक्षा, अनेक उपकरणांत १० बारपेक्षा, अधिक उतरला तर उपकरण बाजूला ठेवायचे. मग हळूहळू हवा सोडत शिट्टी योग्य दाबाला वाजते का तेही ऐकायचे. न वाजणारी शिट्टी असलेले उपकरण वापरण्याजोगे नाही.

चौथा प्रश्न : पाकळ्या आणि पडदा ठीक आहेत का? उच्छ्वासाच्या पाकळीखाली एक केस किंवा वाळलेल्या लाळेचा कण अडकला तरी ती पुरती मिटत नाही. रबर उन्हाने, तेलाने आणि वयाने कडक होते, भेगाळते. म्हणून प्रत्येक वापरानंतर मुखवटा धुणे, निर्जंतुक करणे, सावलीत वाळवणे आणि घडी न घालता ठेवणे हा देखभालीचाच भाग. फ्ल्यूसच्या पद्धतीच्या उपकरणांत आणखी एक गोष्ट येते : कार्बन डायऑक्साइड शोषणारे रसायन ताजे आहे का? ते संपले आहे हे नुसते पाहून भरवशाने सांगता येत नाही.

पाचवा प्रश्न उपकरणाला नसून चेहऱ्याला आहे : मुखवटा नीट बसतो का? दाढीच्या खुंटांमधूनही हवा वाट काढते. आधुनिक उपकरणांत मुखवट्यातील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे फट राहिली तरी हवा आतून बाहेर जाईल. पण मग सिलिंडर लवकर रिकामा होतो आणि वरचे सारे गणित चुकते.

सहावा प्रश्न : सिलिंडर स्वतः मजबूत आहे का? त्याची ठरावीक वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी होते आणि तारीख त्याच्यावर कोरली जाते. चाचणीला पाणीच का, हवा का नाही? पाणी जवळजवळ दाबले जात नाही. सिलिंडर फुटलाच तर ते उसळत नाही. दाबलेली हवा मात्र बॉम्बसारखी फुटते. भारतात वायू सिलिंडरांचे नियम राबवणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे.

आणि शेवटचा प्रश्न : हे सगळे कुणी, कधी पाहिले? याचे उत्तर नोंदवहीत असते. ब्रिटिश पद्धतीत वापरातील उपकरणांची सखोल तपासणी निदान महिन्यातून एकदा करून नोंदी पाच वर्षे जपायच्या असतात. सही करणाऱ्याचे नाव असल्यामुळे तपासणी कुणाची तरी जबाबदारी होते. ‘कुणीतरी पाहिले असेल’ या वाक्याला मग जागा उरत नाही.

कायदा आणि कारखान्याचे फाटक

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यातील कलम ३६ याच विषयाचे होते. टाकी, खड्डा, नळ, धुराडे अशा बंदिस्त जागेत माणसाने केव्हा शिरावे हे त्यात सांगितले होते : एक तर सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून जागा धोक्याच्या वायूपासून मुक्त असल्याचा लेखी दाखला द्यावा, किंवा शिरणाऱ्याने योग्य श्वसन-उपकरण आणि पट्टा घालावा, आणि पट्ट्याच्या दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावे. मूळ कलमात असेही होते की उपकरणे त्या जागेशेजारी तत्काळ वापरता येतील अशी ठेवावीत, त्यांची वेळोवेळी तपासणी व्हावी आणि पुरेशा कामगारांना सराव द्यावा. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा हे कलमही नव्याने लिहिले गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेने घेतली आहे. मैला व गटारसफाईसाठी २०१३ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याच्या नियमांतील संरक्षक साधनांच्या यादीत एअरलाइन आणि हाताने चालवायच्या भात्याचे उपकरणही आहे. डीनचे १८२३ चे तत्त्व असे अजूनही कामी येते.

नगर जिल्ह्यात या ज्ञानाची गरज पावलोपावली आहे. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात प्रवरानगरला झाली आणि तिथला पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. आज जिल्हाभर साखर कारखाने आणि त्यांच्या जोडीला आसवनी आहेत. रस शुभ्र करण्यासाठी गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड बनवतात. मळी आंबवण्याच्या टाक्यांत कार्बन डायऑक्साइड निघतो. एक किलो ग्लुकोज पूर्ण आंबले तर सुमारे २७० लिटर! गावोगावी गाई, गोठे आणि गोबर गॅस आहेत.

कारखान्याच्या फाटकाआड निदान कायदा, उपकरणे आणि तपासणारा माणूस असणे अपेक्षित आहे. शेतातील विहिरीला यांतले काहीच लागू होत नाही. तिथे ‘बीए सेट’ नसतो, वायुमापक नसतो आणि बेशुद्ध पडलेला माणूस आपला भाऊ किंवा शेजारी असतो. अशा वेळी ‘उतरू नका’ हे नुसते सांगणे पुरत नाही. का उतरू नये हे आधीपासून माहीत असावे लागते. ते माहीत करून देण्याचे ठिकाण आम्हाला तरी शाळा हेच दिसते. न उतरणे, जमावाला मागे हटवणे, ११२ किंवा १०१ ला फोन करून ‘खड्ड्यात वायू आहे, श्वसन-उपकरण आणा’ असे स्पष्ट सांगणे, ही मदतच आहे. दोर उतरणाऱ्याच्या कमरेला आधीपासून हवा. बेशुद्ध माणसाला तो स्वतः बांधून घेता येत नाही.

वर्गात करण्याजोगे

आठवी-नववीच्या वर्गात एवढे सहज करता येईल. एका उंच भांड्यात खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओता आणि थोड्या वेळाने जळती मेणबत्ती तारेने आत सोडा. ती कोणत्या उंचीला विझते ते नोंदवा. ‘काठावर हवा ठीक, तळाशी नाही’ हे डोळ्यांनी दिसेल. नळीच्या आकारमानाचे आणि सिलिंडरच्या वेळेचे गणित फळ्यावर सोडवा. पेवात दिवा चालतो आणि गोबर गॅसच्या खड्ड्यात का चालत नाही, यावर चर्चा घ्या. जवळच्या कारखान्यातील सुरक्षा अधिकाऱ्याला किंवा अग्निशमन दलाच्या जवानाला उपकरणासह शाळेत बोलवा. प्रात्यक्षिकाआधी तो कायकाय तपासतो, ते मुलांना क्रमाने लिहून काढायला सांगा.

आणि एक काम आजच होण्यासारखे आहे. शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या अग्निशामक नळकांड्यापाशी मुलांना घेऊन जा. त्याचा काटा कुठे आहे, मागची तपासणी केव्हा झाली, पुढची केव्हा आणि चिठ्ठीवर कुणाची सही आहे, हे त्यांना वाचू द्या.